ओळंबा कोणाच्या हातात?

दिवाळी अंकात सिमेंट, खडी आणि सळई यांची चर्चा करणे हा अरसिकपणा आहे, हे मला कळते. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या वाचकाला गोष्ट हवी असते, कविता हवी असते, निदान वर्षाचे राशिभविष्य तरी हवे असते. पण दिवाळी हा मुळी घराचाच सण आहे. आपण घर झाडतो, रंगवतो, उंबरठ्यावर पणती ठेवतो, आणि पाडव्याचा अर्धा मुहूर्त साधून पुष्कळजण नव्या वास्तूत पाऊल टाकतात. तेव्हा ज्या छपराखाली आपण लक्ष्मीपूजन करणार, ते छप्पर ओतले जात असताना तिथे कोण उभे होते, हे विचारायला याहून योग्य दिवस मला तरी सापडत नाही. घरमालकाला फरशी कोठून आणली ते विचारा. तो दुकानाच्या नावासकट सांगेल. खर्च किती आला, ते तर न विचारताच सांगेल. पण स्लॅब भरला त्या दिवशी देखरेखीला कोण होते, असे विचारले की तो क्षणभर गोंधळतो आणि म्हणतो, "होता की, गुत्तेदाराचा माणूस होता."

या 'गुत्तेदाराच्या माणसा'वरून मला भांडायचे आहे. त्याच्याशी नव्हे, त्याच्या बाजूने.

गुत्तेदार हा आमच्या मराठवाड्यातला शब्द. पुण्यामुंबईकडचे वाचक त्याला कंत्राटदार म्हणतात, माणूस तोच. मी परंड्याचा. १९७२ च्या दुष्काळात, म्हणजे नेमके सांगायचे तर १९७३ च्या उन्हाळ्यात, पाझर तलावाच्या कामावर हजेरी लिहिणारा पोरगेला कारकून म्हणून मी प्रथम बांधकामावर उभा राहिलो, आणि पुढे पस्तीस वर्षे सरकारी नोकरीत देखरेखीचेच काम करून निवृत्त झालो. तेव्हा मी जे लिहितो आहे त्याला तटस्थ माणसाचे मत समजू नये. माझ्या धंद्याची कैफियत मी मांडतो आहे.

त्या तलावावर देखरेखीची माणसे तीन प्रकारची होती, आणि तिघांची नजर तीन ठिकाणी असे. मुकादम माणसांकडे पाही: कोण आले, कोण सावलीला टेकले, कोणाच्या टोपल्या भरभर पडतात. कारकून पैशाकडे पाही. आणि ओव्हरसियर कामाकडे पाही. तो सायकलवर येई, कोणाशी न बोलता भरावावर चढे, आणि आदल्या दिवशी अंथरून, पाणी मारून, दाबलेल्या मातीच्या थरात पहार खुपसून बघे. पहार सहज आत गेली की त्याच्या तोंडून एकच शब्द निघे, "उपसा." शेकडो बायाबापड्यांनी डोक्यावरून वाहिलेली माती! मुकादम काकुळतीला येई, "साहेब, गरिबाची मेहनत हाय," म्हणून हात जोडी. थर उपसला जाई. पुढे पावसाळ्यात तलावाला पाणी लागले तेव्हा त्या शब्दाची किंमत खालच्या वस्तीतल्या लोकांना कळली नाही, कारण काही घडलेच नाही. देखरेखीच्या धंद्याचे हे दुर्दैवच आहे, की त्याचे यश कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

ओव्हरसियरला सरकार पगार देई तो त्या 'उपसा' या एका शब्दाचा. माझे सगळे म्हणणे एवढेच आहे, की तो शब्द उच्चारण्याचा अधिकार आपण देखरेख करणाऱ्याकडून काढून घेतला आहे, आणि बदल्यात त्याच्या हातात फोन दिला आहे.

येथे एक जुना आक्षेप येईल, तो आधीच निकालात काढतो. "तुमचे ते जुने मुकादम काय धुतल्या तांदळासारखे होते काय?" मुळीच नव्हते. दुष्काळी कामांवर मजुरांच्या पगारातून दस्तुरी कापून घेणारे मुकादम मी पाहिले आहेत, आणि जी माणसे कामावर कधी फिरकलीच नाहीत त्यांची नावे हजेरीपटावर लावण्याचा चमत्कारही पाहिला आहे. मला तो काळ परत नको. आमच्या गावी परंड्याचा भुईकोट किल्ला आहे. दुहेरी तट, भोवती खंदक, दगडाला दगड असा बसलेला की चुना कोठे आहे हे शोधावे लागते. पाहुणे येतात, तटावरून हात फिरवतात आणि हमखास म्हणतात, "पूर्वीचे काम ते काय पक्के!" मला हसू येते. पूर्वीचे जे कच्चे होते ते केव्हाच पडले आणि त्याचे दगड लोकांनी गोठ्यांना लावले. उरले ते पक्के. उरलेल्यावरून सगळ्या पूर्वजांना प्रमाणपत्र देणे बरोबर नव्हे.

पूर्वजांच्या कामाची परीक्षा आमच्या जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिली. गणपती बोलवून लोक नुकते निजले होते. चार वाजायच्या सुमारास किल्लारीच्या बाजूची जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली गावेच्या गावे बसली. किल्लारी काय, आमच्या जिल्ह्यातले सास्तूर काय, घर म्हणून काही उभेच राहिले नाही. हजारो माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक भूकंपाने गेली असे म्हणण्यापेक्षा स्वत:च्या घराने गेली असे म्हणणे अधिक खरे. माळवदाची घरे ती. दोन-दोन हात रुंद दगडी भिंती, पण आतली आणि बाहेरची अशा दोन पदरांच्या, मधे दगडगोटे आणि माती भरलेली, दोन्ही पदरांना आरपार बांधणारा दगड नाही. वर लाकडी तुळया आणि त्यांच्यावर उन्हापासून रक्षण म्हणून दर काही वर्षांनी वाढवत नेलेला मातीचा थर. भिंत फुगली आणि टनावारी माती निजलेल्या माणसांच्या अंगावर आली. अशी घरे पिढ्यान्पिढ्या बांधली गेली, आणि गवंड्याला "आरपार दगड कोठे आहे?" असे विचारणारा कोणी नव्हता. रीत होती, देखरेख नव्हती. शेजारच्याने जसे बांधले तसे आपण बांधले.

त्यानंतर जे घडले ते मात्र महाराष्ट्राने विसरू नये असे आहे, आणि नेमके तेच आपण विसरलो. जी गावे पार उद्ध्वस्त झाली ती नव्या जागी वसवली गेली. पण त्याहून कितीतरी जास्त, दीड लाखाच्या वर घरे अशी होती, की जी पडली नव्हती पण हादरली होती. त्यांची दुरुस्ती आणि मजबुती जागच्या जागी करायची होती. पैसा जागतिक बँकेच्या कर्जातून येणार, काम घरमालकाने करून घ्यायचे, इंजिनियरने टप्प्याटप्प्याला पाहून हप्ता सोडायचा. योजना ठीक. पण एका इंजिनियरने किती उंबरे झिजवायचे? तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' नेमण्यात आले. नाव बावळट आहे, सरकारी कागदावर जन्मलेले आहे. पण काम फार मोठे होते. घरोघर जाऊन काय करायचे ते समजावणे, सिमेंटची पोती मोजणे, आणि गवंडी भिंतीत काय भरतो ते पाहणे.

त्या कामावर काही महिने मीही होतो. एका गावात भिंतीवरचा काँक्रीटचा पट्टा भरायला घेतला होता. मी फळ्या पाहिल्या, लांबी पाहिली, वहीत टीप केली आणि पुढच्या घराकडे निघालो. तोच डोक्यावर पदर घेतलेली एक बाई म्हणाली, "साहेब, जरा थांबा. कोपऱ्यात गज तोडलाय ह्यानं. वळवून घेतला न्हाई. पट्टा कोपऱ्यातच सुटला तर मग घराला बांधणार कोन?" गवंडी चिडला. "बाई, तू भाकरी थाप," म्हणाला. बाई हलली नाही. "भाकरी मीच थापते, अन् ह्याच छपराखाली निजतेबी मीच." गज बदलावा लागला. ती बाई चौथीसुद्धा शिकलेली नव्हती. मी तिच्या वाक्यावर पुष्कळ विचार केला आहे. देखरेखीला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी त्यात आल्या: काय चुकले ते तिला कळत होते, चुकले तर मरणार ती स्वत: होती, आणि तिने हरकत घेतली तर हप्ता अडत होता. पदवी या तिघींत कोठेच येत नाही. पहिली गोष्ट शिकवता येते. दुसरी आणि तिसरी व्यवस्थेने द्यावी लागते.

आता आजच्या देखरेखवाल्याकडे पाहा. माझा एक पुतण्या डिप्लोमा करून पुण्याला एका इमारतीच्या कामावर 'साइट सुपरवायझर' आहे. आमच्या भागातली अशी पोरे पुण्यात खंडीभर सापडतील. सकाळी आठला मजुरांचे अंगठे घ्यायचे, तयार काँक्रीटच्या गाड्यांच्या पावत्या जमवायच्या, सळईचे वजन उतरवून घ्यायचे, हेल्मेट न घातलेल्यांवर ओरडायचे, आणि दर दोन तासांनी वरच्या साहेबांना फोटो पाठवायचे. म्हणजे जुन्या तलावावरचा मुकादमही तोच आणि कारकूनही तोच. ओव्हरसियर कोठे आहे म्हणाल तर कागदावर तोही तोच. गेल्या दिवाळीला आला तेव्हा मी विचारले, "अरे, कॉलमच्या रिंगा लांब लांब बांधलेल्या दिसल्या तर तू काय करतोस?"

"फोटो काढून ग्रुपवर टाकतो, काका."

"आणि काम थांबवत नाहीस?"

तो हसला. "मी काम थांबवलं तर मला थांबवतील."

या एका वाक्यात सगळा बदल आला. त्याचा पगार गुत्तेदार देतो, आणि ज्याचे काम तपासायचे तोही गुत्तेदारच. खाल्ल्या मिठाला जागायचे की ओळंब्याला, असा पेच बावीस वर्षांच्या पोरासमोर रोज टाकायचा आणि वर त्याच्याकडून बाणेदारपणाची अपेक्षा करायची, हे मला क्रूर वाटते. स्लॅबला दुर्दैवाने काही झालेच, तर पोलीस आधी ज्याला शोधतील त्यांत तो असेल. जबाबदारी पूर्ण, अधिकार शून्य. अशा नोकरीला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

आणि मोठ्या शहरातली ही तऱ्हा, तर तालुक्याच्या गावी विचारूच नका. कायद्यात उणीव आहे असे नव्हे. २०२० साली राज्यात लागू झालेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीत परवानाधारक तांत्रिक व्यक्ती आहेत. आर्किटेक्ट आणि इंजिनियर यांच्या खालोखाल 'सुपरवायझर' हाही त्यांत मोडतो. काम सुरू करताना, जोते वर आल्यावर आणि काम पुरे झाल्यावर सह्या लागतात. पण आमच्याकडे सही ही वस्तू माणसापासून सुटी मिळते. नकाशाबरोबर सहीचा दाम ठरतो, आणि सही करणारा जोत्यावर उभा राहिल्याचे शेजाऱ्यांना आठवत नाही.

खेड्यातल्या घरकुलांची तऱ्हा निराळी. प्रधानमंत्री आवास योजना २०१६ साली ग्रामीण भागात आली तेव्हापासून पाया, भिंत, छप्पर अशा टप्प्यांवर जागेच्या नोंदीसह फोटो काढायचा, तो वर चढवायचा, आणि मग हप्ता लाभार्थ्याच्या खात्यात पडायचा, अशी पद्धत आहे. मी या फोटोची टिंगल करणार नाही. एके काळी घरकुल कागदावरच उभे राही आणि कागदावरच पडे. फोटोने तो प्रकार पुष्कळ आटोक्यात आणला. रोजगार हमीच्या हजेरीलाही २०२३ पासून फोनवरचा फोटो सक्तीचा झाला, त्यामागचा हेतूही हाच. पण फोटो काय दाखवतो? घर आहे, एवढेच. घर कसे आहे, हे तो दाखवू शकत नाही. काँक्रीट करताना सिमेंटच्या एका पोत्याला फार तर तीस लिटर पाणी लागते, म्हणजे तेलाचे जेमतेम दोन डबे. मजुराला माल ओढायला सोपा जावा म्हणून त्यात आणखी एक डबा रिकामा केला की स्लॅबची ताकद गेलीच. हा तिसरा डबा कोणत्याही फोटोत येत नाही. सळईखाली सिमेंटची बिस्किटे ठेवली होती की सळई सरळ फळीवर टेकली होती, हे स्लॅब भरल्यानंतर ब्रह्मदेवालाही दिसत नाही. पाच-सात पावसाळ्यांनी छताचा गिलावा फुगून गळू लागतो तेव्हा दिसते. आणि पाणी मारणे! निदान सात दिवस, मिश्र सिमेंट असेल तर दहा, आणि आमच्यासारख्या कोरड्या उन्हाच्या मुलुखात त्याहून जास्त, असे मानक सांगते. परंड्यात उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचे वांधे, तिथे स्लॅबला कोण पाजणार? स्लॅबचा फोटो भरला त्या संध्याकाळी निघतो. त्यानंतरचे दहा दिवस कोणी पाहत नाही, आणि घराचे आयुष्य तर त्या दहा दिवसांत ठरते.

घरकुलांवर देखरेख करणाऱ्या कंत्राटी अभियंत्यांना मी दोष देत नाही. एकेकाच्या वाट्याला इतकी गावे, की पहार खुपसून पाहायचे तर सोडाच, मोटारसायकलवरून उतरायला सवड मिळाली तरी पुष्कळ. व्यवस्थेने त्यांच्याकडे मागितला तो फोटो. त्यांनी तो दिला.

४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत कोसळून ७४ माणसे मेली. काही महिन्यांत घाईघाईने मजल्यावर मजला चढवलेली इमारत. वर काम चालू आणि खाली माणसे राहायला आलेली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली, १६ माणसे गेली. ती उणीपुरी दहा वर्षांची. दोन्ही वेळी बिल्डर कोण, परवानगी कोणी दिली, अधिकारी कोण, याची चौकशी झाली, गुन्हे दाखल झाले, आणि ते योग्यच झाले. पण खालच्या मजल्याचे कॉलम भरले त्या दिवशी तिथे उभा राहून "उपसा" म्हणण्याचा हक्क कोणाला होता, हा प्रश्न माझ्या वाचनात कोठे आला नाही. तो हक्क कोणालाच नव्हता, असेच उत्तर निघाले असते अशी मला भीती आहे.

परंड्याच्या किल्ल्याशी संबंध असलेली एक तोफ विजापूरला आहे, मलिक-ए-मैदान. १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली, पुढे परंड्याच्या किल्ल्यात होती, आणि १६३२ साली विजापूरकरांनी ती नेली. तोफ गेल्याचे दु:ख आम्हा परंडेकरांना अजून आहे, ते असो. मला तिची वेगळीच गोष्ट सांगायची आहे. त्या तोफेवर सुलतानाच्या नावाबरोबर ती ओतणाऱ्याचे, महंमद बिन हसन रूमी याचेही नाव कोरलेले आहे. तोफ फुटली तर जवळचा गोलंदाज मरतो. तेव्हा ती कोणी ओतली हे तोफेवरच लिहिलेले बरे, इतके शहाणपण निजामशाहीला होते. आमच्या आजच्या इमारतींवर कोनशिला असते. तिच्यावर मंत्री असतात, आमदार असतात, सभापती असतात, "यांच्या शुभहस्ते" असते, "यांच्या प्रमुख उपस्थितीत" असते. ज्याने रोज सकाळी उभे राहून ती इमारत करून घेतली त्याचे नाव नसते. उद्घाटनाला अर्धा तास उपस्थित असलेल्यांची नावे दगडात, आणि दोन वर्षे उपस्थित असलेल्याचे हजेरीवहीत!

मग मागायचे काय? मी फार मागत नाही. देखरेख करणाऱ्याचा पगार घरमालकाने स्वत: द्यावा; गुत्तेदाराच्या बिलात तो मिसळू नये. सोसायटीची इमारत असेल तर सभासदांनी वर्गणीतून द्यावा, सरकारी काम असेल तर दुसऱ्या खात्याने द्यावा, पण ज्याचे काम तपासायचे त्याने देऊ नये. कामावर एक वही असावी, पानांना आकडे घातलेली, आणि त्या वहीत देखरेखवाल्याने "काम थांबवावे" असे लिहून सही केली की ते थांबलेच पाहिजे. चूक दुरुस्त झाल्यावर त्यानेच "सुरू करावे" लिहायचे. आणि त्याने लिहूनही ज्याने काम पुढे रेटले, जबाबदारी त्याच्या माथी. अशा वहीने माझा पुतण्या सुरक्षित होईल आणि त्या इमारतीत राहायला येणारी माणसेही.

"खर्च वाढेल," असे कोणी म्हणेल. वाढेल. एका घराच्या बांधकामापुरता एका जाणत्या माणसाचा पगार द्यावा लागेल. दिवाणखान्याच्या छताला जी नक्षीची पांढरी खोटी छते लावतात आणि त्यांत रंगीत दिवे बसवतात, त्या हौशीच्या खर्चाशी हा पगार ताडून पाहावा, एवढेच मी सुचवतो. "जाणती माणसे कोठून आणायची?" हा प्रश्न मात्र खरा आहे. घरकुलांसाठी गवंड्यांना शिकवण्याचे वर्ग सरकारने चालवले आहेत. तसे देखरेखीचे का नसावेत? आणि त्यांत बायका का नसाव्यात? १९९४ नंतर आमच्याच जिल्ह्यात खेड्यापाड्यांतल्या बायकांनी हे काम केले आहे. त्यांतल्या कित्येकजणी आज साठीच्या घरात आहेत, नातवंडे खेळवताहेत, आणि शेजारी स्लॅब भरायला घेतला की गच्चीवरून डोकावून कोपऱ्यातला गज पाहिल्याशिवाय त्यांना राहवत नाही. एकीने मागच्या वर्षी आपल्या सुनेच्या माहेरचे काम दोन दिवस बंद पाडले, तेव्हा व्याह्यांनी अबोला धरला. हे मी ऐकीव सांगतो आहे, पण मला ते खोटे वाटत नाही.

आमच्या गल्लीत सध्या तीन घरे वर येत आहेत. तिन्ही ठिकाणी नकाशाचा फलक आहे, गुत्तेदाराचा फोन नंबर आहे, देखरेख कोणाची ते लिहिलेले नाही. म्हणून आमच्या नगरपरिषदेला द्यायचा एक अर्ज मी लिहिला आहे: प्रत्येक बांधकामाच्या फलकावर देखरेख करणाऱ्याचे नाव ठळक अक्षरांत असावे, आणि वर सांगितलेली वही कामावर कोणालाही पाहायला मिळावी. भाऊबीज झाली की अर्ज दाखल करायचा आहे. सध्या त्याच्यावर अकरा सह्या आहेत. त्यांतली एक एका गुत्तेदाराची आहे, तो म्हणतो, "माझ्या पोराचं घर बांधायचंय पुढच्या साली."